आधी यादी, मग स्कॅनर

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि पुढच्या काही महिन्यांत महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूमना कधी नव्हे ती जाग आली. आधी मराठवाड्यातल्या आणि मग राज्यभरातल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. खासरापत्रके, पाहणीपत्रके, जन्ममृत्यूची कोतवाल बुके, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे असे हाती लागेल ते तपासायचे होते. निजामी अमलातले बरेच कागद उर्दूत होते, इतर ठिकाणचे मोडीत, आणि ते वाचणारी माणसे शोधण्याची पाळी महसूल खात्यावर आली. मराठा आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या गठ्ठ्यांकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्यातल्या एका ओळीवर आज एखाद्या मुलाचा कॉलेजप्रवेश ठरतो, हे त्या निमित्ताने सगळ्यांनी पाहिले. ज्या कचेरीत गठ्ठ्यावर गाव आणि साल लिहिलेले असते, तिथे असा शोध काही तासांत लागतो. जिथे तसे लिहिलेले नसते, तिथे सगळे कपाट जमिनीवर उतरवावे लागते आणि कपाटाबाहेर आणखी काय पडून आहे हे तरीही कळत नाही.

देशाचा इतिहास ज्या कागदांत आहे ते कसे जपावेत, असा प्रश्न निघाला की चर्चा पैशांवर येते आणि पैशांवरून थेट स्कॅनरवर जाते. पैसा थोडाच असतो आणि यापुढेही थोडाच राहणार. पुराभिलेख खात्याच्या तरतुदीसाठी आजवर कोणी विधानसभा बंद पाडलेली नाही. तेव्हा प्रश्न असा मांडायला हवा की हातात आहे तो पहिला रुपया कशावर खर्च करायचा. माझे उत्तर आहे: यादीवर. आपल्याकडे काय आहे, किती आहे, कुठे ठेवले आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे लिहून काढण्यावर. छप्पर, कपाटे, औषधफवारणी, स्कॅनिंग ही सगळी कामे त्या यादीवरून ठरायला हवीत. आपल्याकडे बहुतेक वेळा क्रम नेमका उलटा लागतो.

यादीची किंमत काय, हे आयर्लंडइतके स्पष्ट कुठे दिसत नाही. जून १९२२ मध्ये तिथल्या यादवीत डब्लिनचे ‘फोर कोर्ट्स’ हे न्यायालयांचे संकुल पेटले, स्फोट झाला आणि त्याच आवारातले सार्वजनिक अभिलेखागार जळून गेले. काही शतकांची न्यायालयीन दप्तरे, मृत्युपत्रे, एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचे कागद, यांतला फार मोठा भाग एका दिवसात नाहीसा झाला. पण तीनच वर्षे आधी, १९१९ मध्ये, त्याच कार्यालयातल्या हर्बर्ट वुड या अधिकाऱ्याने तिथल्या अभिलेखांची मार्गदर्शिका छापली होती. कोणत्या विभागात कोणती कागदपत्रे आहेत, एवढेच सांगणारे ते रुक्ष पुस्तक. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने त्या जळालेल्या दालनाची संगणकीय पुनर्बांधणी लोकांसाठी खुली झाली. नकला, उतारे, टिपणे जगभरच्या ग्रंथालयांत शिल्लक होती. त्यातले काय कुठल्या फळीवर बसवायचे, हे वुडच्या पुस्तकामुळे ठरवता आले. कागद जळाला तरी यादी वाचली होती, म्हणून काय गेले हे तरी माहीत होते. आपल्याकडे आग लागते तेव्हा ‘अनेक महत्त्वाची कागदपत्रे भस्मसात’ एवढीच बातमी येते, आणि त्या ‘अनेक’चा आकडा पुढेही कधी छापून येत नाही.

महाराष्ट्रात याचा सर्वांत मोठा दाखला पुण्याचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने पेशव्यांचे दप्तर ताब्यात घेतले ते इतिहासप्रेमापोटी नव्हे. इनामे आणि वतने कोणाची खरी, कोणाची खोटी, हे ठरवायला त्यांना पुरावे हवे होते. म्हणून ज्या कचेरीत हे दप्तर राहिले तिचे नावही इनामांच्या चौकशीवरूनच पडले, ‘एलिअनेशन ऑफिस’. जुन्या कागदांच्या आधारे लोक नवे हक्क मागतील, या धास्तीने अभ्यासकांना तिथे सहजासहजी प्रवेश मिळत नसे. आतमध्ये तीस हजारांच्या वर रुमाल होते. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोन. त्यात कागदांची पुडकी ठेवून चारही टोके आवळून बांधायची. कापडातून हवा खेळते, धूळ बाहेर राहते आणि रुमाल एका हाताने उचलता येतो. गरीब दप्तरखान्यासाठी याहून शहाणी सोय आजही सापडणे कठीण. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गोविंद सखाराम सरदेसाई १९२९ मध्ये या दप्तरात शिरले. इतिहासकार यदुनाथ सरकारांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. मोजके साहाय्यक आणि तुटपुंजी रक्कम एवढ्यावर सरदेसायांनी काही वर्षांत हजारो रुमाल उपसले आणि निवडक कागदांचे ४५ खंड सरकारी छापखान्यातून बाहेर आले. त्या खंडांचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांनीच तयार केलेल्या आणि १९३३ मध्ये छापल्या गेलेल्या दप्तराच्या मार्गदर्शिकेचे मात्र फारसे कोणी नाव घेत नाही. माझ्या मते तीच जास्त टिकाऊ कामगिरी.

असे म्हणण्याला कारण आहे. ४५ खंडांत काय आले हे निवडणाऱ्याच्या काळाने ठरवले. १९३० च्या आसपास इतिहास म्हणजे राजकारण आणि लढाया. म्हणून पत्रव्यवहार छापला गेला. रोजकीर्दी, घडणी, प्रांत अजमास, पागा आणि पथकांचे हिशेब अशा जमाखर्चाच्या कागदांचा ढीग बहुतांशी जागेवरच राहिला. सरदेसायांना यात दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी आपल्या काळाचे प्रश्न विचारले. पुढे प्रश्न बदलले. गावगाडा कसा चाले, बलुतेदारांना काय मिळे, न्यायनिवाडा कोण करी, दुष्काळात सारा किती सुटे, हे विचारणारे अभ्यासक आले. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिले, अ. रा. कुलकर्ण्यांनी शिवकालीन समाज आणि अर्थव्यवस्था मांडली, जपानमधून हिरोयुकी कोतानी आले. या सगळ्यांना लागणारा कागद त्या न छापलेल्या, रुक्ष म्हणून बाजूला राहिलेल्या वर्गातला होता. तो त्यांना शोधता आला, कारण दप्तराचे विभाग पडलेले होते आणि कोणत्या विभागात काय आहे हे कुठेतरी लिहिलेले होते. छापील निवडीतून एका पिढीची आवड समजते. यादीचा उपयोग मात्र ज्यांचे प्रश्न अजून सुचायचे आहेत, त्यांनाही होतो.

गोव्याचीही गोष्ट काहीशी अशीच. पोर्तुगीज भारताचे दप्तर १५९५ मध्ये दिओगु दु कोतु या इतिहासकाराच्या हवाली झाले, म्हणजे आशियातल्या जुन्या दप्तरखान्यांपैकी एक आपल्या शेजारीच आहे. पण मराठी वाचकांना त्याचा उपयोग सुरू झाला तो पांडुरंग पिसुर्लेकर तिथे आल्यावर. पोर्तुगीज अमलात, एका लहानशा वसाहतीच्या बेताच्या साधनांत, या माणसाने दप्तर लावले, वाचले आणि १९५५ मध्ये त्याची सूची प्रसिद्ध केली. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पेशवे यांच्या काळातले कोणते कागद पणजीत आहेत, हे तिथवर न जाता कळू लागले. त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने छापले. ते पुस्तक पंडिताचे आहेच, पण त्याखालचा पाया दप्तरदाराचा आहे.

यादीचा दुसरा फायदा असा की कोणता कागद आधी वाचवायचा, हे तिच्यावरून ठरते. आपली सर्वसाधारण समजूत अशी की जितका जुना कागद तितका तो नाजूक. प्रत्यक्षात बहुधा उलटे असते. पेशवाईतला हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, त्यावर काजळाची शाई. पाणी आणि वाळवी यांपासून दूर ठेवला तर तो अडीचशे वर्षांनीही घडीवर वाकतो, मोडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटीने खळवलेला गिरणीचा कागद आला. त्यात आम्ल असते आणि ते कागदाला आतून खाते. १९२० मधली फाइल उघडताना घडीवर तुकडा हातात येतो, तो यामुळे. जुन्या युरोपीय दप्तरांतली लोहयुक्त शाई तर अक्षराच्या रेषेतच कागद कुरतडते आणि पानाची जाळी होते. म्हणजे मर्यादित पैसा असेल तर १७६० च्या पत्राआधी १९२० ची फाइल हाती घ्यावी लागेल. कसर, वाळवी आणि ओल यांचेही तसेच. कुठल्या फळीवर भिंतीची ओल पोचते हे यादी करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना दिसते, अंदाजपत्रक करणाऱ्याच्या नाही. रुमालात वेखंडाची पुरचुंडी ठेवावी की नाही यावर वाद घालण्यापेक्षा गळका पन्हळ आधी दुरुस्त करावा.

इथे एक इतिहास मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण तो आपल्या बुद्धीचाही आहे आणि घाईचाही. अमेरिकेत जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पत्र्यांत उष्णतेने दाबून बसवण्याचे यंत्र निघाले होते. ते महाग. १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ओ. पी. गोयल यांनी त्याला यंत्राविना पर्याय काढला. कागदाच्या दोन्ही बाजूंना ॲसिटेटचा पत्रा, त्यावर टिशू कागद, आणि वरून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायचा. पत्रा विरघळून कागदाशी एकजीव होतो. टेबल, कापूस आणि सवयीचा हात एवढ्यावर काम होऊ लागले, आणि ‘भारतीय पद्धत’ म्हणून ते परदेशातही गेले. गरीब देशाने श्रीमंत देशाला शिकवल्याचे हे मोलाचे उदाहरण. पण काही दशकांनी ॲसिटेटचेच विघटन होते, त्यातून व्हिनेगरसारखे आम्ल सुटते, आणि अडकवलेला कागद मोकळा करणे जिकिरीचे होते, हे कळले. आज संवर्धक खळ आणि पातळ जपानी टिशू वापरतात, जे पाण्याने सोडवता येते. जे उलटवता येत नाही ते करायचे नाही, हा धडा त्यातून मिळाला. चौकातल्या दुकानात आजोबांच्या सनदेला प्लास्टिकचे लॅमिनेशन करून घेणाऱ्यांपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

आता आक्षेप. सर्वांत मोठा आक्षेप अर्थातच स्कॅनिंगचा: सगळे डिजिटल करून टाका, मग यादी कशाला? स्कॅनिंगला माझा विरोध नाही. मूळ कागदाची हाताळणी त्याने कमी होते, प्रत दुसऱ्या शहरात ठेवता येते, अभ्यासक घरबसल्या वाचतो, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर हे दिसतेच. पण स्कॅन झालेल्या प्रत्येक पानाला नाव लागते. नाव नसलेली एक कोटी चित्रे म्हणजे न उघडलेले रुमालच, फक्त विजेवर चालणारे. ते नाव द्यायला पान वाचणारा माणूस लागतो आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच असतो. निविदेत मात्र पानांची संख्या मोजली जाते, नावांची नाही. शिवाय डिजिटल कागद पेटीत ठेवून विसरता येत नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटांत टंकलेल्या मराठी फायली आज नव्या संगणकावर उघडून पाहाव्यात. तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. तीस वर्षांपूर्वीचा मजकूर दिसत असूनही वाचता येत नाही, आणि त्याच कचेरीतले दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी पत्र, मोडी येणारा माणूस बसवला तर, वाचता येते. दर काही वर्षांनी फाइल नव्या स्वरूपात, नव्या डिस्कवर न्यावी लागते. हा कायमचा खर्च आहे, आणि एकदाच मिळालेल्या अनुदानातून तो भागत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. इतक्या कागदांची यादी करायला पिढ्या जातील, असे म्हणतात. पानागणिक यादी करायची म्हटले तर जातीलच. पण पहिली यादी रुमालाची करायची, पानाची नव्हे. साधा हिशेब करू. तीस हजार रुमाल आहेत, चार माणसे रोज प्रत्येकी दहा रुमाल उघडून विभाग, प्रांत, पहिले-शेवटचे साल, लिपी आणि कागदाची अवस्था एवढेच लिहितात. साडेसातशे दिवसांत, म्हणजे सुट्ट्या धरून तीन वर्षांत, काम संपते. अमेरिकेतही हीच अडचण होती. २००५ मध्ये मार्क ग्रीन आणि डेनिस माइस्नर या दोन अभिलेखपालांनी आपल्या व्यवसायबंधूंना सुनावले की प्रत्येक कागदाची टाचणी काढत बसण्याच्या नादात तुमच्याकडे न लावलेल्या पेट्यांचे डोंगर साचले आहेत. थोडक्यात लावा, पण सगळे लावा. श्रीमंत देशाला जे परवडत नाही ते आपण आदर्श म्हणून धरू नये.

यादी जाहीर केली तर चोरांना वाट दाखवल्यासारखे होईल, अशीही भीती ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही, जुन्या फर्मानांना आणि सचित्र पोथ्यांना बाजार आहे. पण यादीत नसलेली वस्तू चोरीला गेली, तर ती गेली हेच कळत नाही. पोलिसात तक्रार कसली नोंदवणार? आणि इस्पितळात खाटा नाहीत तिथे जुन्या कागदांवर खर्च कशाला, हा आक्षेप तर सगळ्यांत जुना. कागद म्हणजे विद्वानांची हौस, असे तो गृहीत धरतो. जमिनीचा फेरफार, जातीचा दाखला, धरणग्रस्ताचा मोबदला, देवस्थानाचे इनाम, दोन राज्यांमधली सीमा, हे सगळे वाद अखेर कुठल्या तरी दप्तरापाशी येऊन थांबतात. तिथे कागद सापडला नाही तर ज्याच्याकडे वकील आणि वेळ आहे तो जिंकतो. जुना कागद श्रीमंतापेक्षा गरिबाच्या जास्त कामी येतो, हे शिंदे समितीच्या काळात तहसीलसमोर लागलेल्या रांगांनी दाखवून दिले.

सगळेच जपायचे, असे मात्र मी म्हणत नाही, आणि इथे इतिहासप्रेमी मंडळींशी माझे थोडे वाजेल. सरकारी कचेरीत रोज निघणारा प्रत्येक कागद जपणे म्हणजे काहीच न जपणे. आपल्या कचेऱ्यांत यासाठी वर्गवारी आहे: ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. मुदत संपलेल्या अभिलेखांचे निंदणीकरण करायचे, शेतातले तण काढावे तसे. पद्धत चांगली आहे. बिघाड असा की ती राबवतो तो कारकून जागेअभावी घाईत असतो, आणि निंदणी बहुधा कपाट हलवायचे असते किंवा साहेबांची पाहणी असते तेव्हाच होते. नष्ट केलेल्याचीही नोंद हवी, कोणी, कधी, कशाच्या आधारे नष्ट केले याची. ती नसेल तर हरवलेले आणि काढून टाकलेले यातला फरक पुढच्या माणसाला कळत नाही.

नियम चांगला पण अंमल ढिसाळ, हा बिघाड दिल्लीत मोठ्या आकारात दिसतो. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने प्रत्येक केंद्रीय खात्यावर जबाबदारी टाकली की अभिलेख अधिकारी नेमावा आणि पंचवीस वर्षांहून जुने, कायम ठेवण्याजोगे अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत. बेकायदा नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. असे असून डिसेंबर २०२२ मध्ये अभिलेखागाराचे तेव्हाचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितले की १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे आणि हरितक्रांतीचे अभिलेख आपल्याकडे आलेलेच नाहीत. सरकारची १५१ मंत्रालये आणि खाती, त्यांपैकी जेमतेम छत्तीसांचे कागद तिथे पोचले होते. याला पैशांची टंचाई म्हणता येणार नाही. फायली दिल्लीतून दिल्लीतच न्यायच्या होत्या. आपल्या तळघरात काय आहे हे ज्या खात्याला माहीत नाही, ते काय पाठवणार?

महाराष्ट्राचा असाच कायदा २००५ चा आहे. पण सामान्य वाचकाच्या हातात त्याहून सोपे साधन आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले कलम ४(१)(क) बहुतेक जण वाचत नाहीत, कारण सगळ्यांचे लक्ष माहिती मागण्याच्या कलमांकडे असते. हे कलम प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला सांगते की आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित करून ठेवावेत. म्हणजे यादी हा कायद्याने घातलेला दंडक आहे. आपल्या नगरपालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे किंवा तहसीलकडे अर्ज करून अभिलेख कक्षातल्या कायमस्वरूपी अभिलेखांची सूची मागावी, आणि त्यासोबत गेल्या दहा वर्षांत नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवहीही. अर्जाला दहा रुपये लागतात.